राणीच्या हातांची आग

एका राज्यात एक बातमी अर्धीच ऐकू आली, आणि ती ऐकली हौसाक्काने.

हौसाक्काचे घर राजवाड्याच्या पिछाडीच्या भिंतीला चिकटलेले होते. वाडा राजाचा, भिंत राजाची. भिंतीला लावलेला कान तेवढा हौसाक्काचा. वाड्यात आज काय शिजले, कोण रुसले, कोणाच्या माहेरून सांगावा आला, हे प्रधानाच्या आधी तिला कळत असे.

त्या दिवशी ती तळ्यावर धुणे धूत होती. पलीकडच्या पायरीवर राणीच्या दोन दासी घागरी भरत होत्या. एक दुसरीला म्हणाली, "वैद्य थकले, मांत्रिक थकले. राणीसाहेबांच्या हातांची आग म्हणे एखादी बाईच विझवील. पण जी विझवील ना, तिचे हात मग..."

तेवढ्यात वाड्यावर नगारा झाला. दासींनी घागरी उचलल्या आणि त्या धावत निघाल्या.

"अगं ए, पुढचं सांगून तरी जा!" हौसाक्का ओरडली. "तिच्या हातांचं काय होतं?"

दासी गेल्या. अर्धी बातमी म्हणजे अर्धी भाकरी. तिने भूक भागत नाही, उलट चाळवते. संध्याकाळपर्यंत नगराने ती बातमी आपापल्या परीने पुरी केली. सोनारआळीत म्हणाले, त्या बाईचे हात सोन्याचे होतात. लोहारआळीत म्हणाले, कोळशाचे होतात. एक म्हातारी तर शपथेवर सांगू लागली की हात गळून पडतात आणि त्यांची दोन झाडे होतात. हौसाक्काने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि कोणाचेच मानले नाही.

राणीच्या हातांना आग लागली ती अशी.

चाळीस वर्षांपूर्वी, हौसाक्का दहा वर्षांची असताना, वाड्याला पिछाडीला एक दार होते. उन्हाळा आला की ते दार उघडे. आळीतल्या बाया आत जात, वाड्यातल्या बाया बाहेर येत, आणि मधल्या चौकात वर्षाच्या तिखटाचे कांडप बसे. सात उखळे, चौदा मुसळे. धण्याचा, खोबऱ्याचा, भाजल्या मिरचीचा वास वेशीपर्यंत जाई. सगळा वाडा शिंकत असे. आणि राजाची आजी, आऊसाहेब, पदर नाकाला लावून म्हणत, "शिंका गं, शिंका! ज्या घरात शिंक नाही, त्या घरात चव नाही."

पण मुसळाला हात लावण्याआधी, मिरचीचे एक देठ मोडण्याआधी, 'तेलहात' होई. चौकाच्या मधोमध तेलाची वाटी ठेवत. आपला हात आपण तेलवायचा नाही, शेजारणीने तेलवायचा, असा रिवाज. कारण साधेच होते. आपला हात आपण तेलवला तर बोटांच्या बेचक्या राहून जातात, नखांच्या कडा राहून जातात, आणि मिरची नेमकी तिथेच शिरते. शेजारीण मात्र काही सोडत नाही. मग तेलाचे हात झाले की राणी असो की मोलकरीण, मिरचीला हात घाली. काम संपेपर्यंत कोणी डोळ्याला बोट लावत नसे, कोणी लेकराला हात लावत नसे. आऊसाहेबांचे हात हौसाक्काच्या आईने तेलवलेले हौसाक्काने या डोळ्यांनी पाहिले होते, आणि आऊसाहेब गुदगुल्यांनी हसत होत्या, तेही.

मग थोरल्या महाराजांनी लाल डोंगरावर स्वारी केली. तिथल्या मांत्रिकाच्या शेतातल्या माणकासारख्या लाल मिरच्या सात रांजण भरून लुटून आणल्या. मांत्रिकाने शाप दिला: "या मिरच्या तोडणाऱ्या हातांची ज्या घराने विचारपूस केली नाही, त्या घरचा हात जळो. पाण्याने ती आग वाढो." महाराज हसले. रांजण लाल कोठीत ठेवले, कोठीला कुलूप घातले. आता पिढ्यांचे तिखट घरात आले, मग आळीतल्या बाया कशाला हव्यात, असे म्हणून पिछाडीचे दार विटांनी बुजवले. त्या वर्षापासून कांडप थांबले. आऊसाहेब गेल्या. पुढे महाराजही गेले.

आताचा राजा भद्रसेन. त्याची राणी मंजुळा डोंगरापलीकडच्या गावातली, मिरची वाळवणाऱ्या घरातली. तिला दिवस गेले, सातवा महिना लागला, आणि माहेरच्या ठेच्याचे डोहाळे लागले. मुदपाकखान्यातले आचारी ठेचा करीत, पण त्याला आईच्या हाताची चव येईना. शेवटी तिने चाळीस वर्षे बंद असलेली लाल कोठी उघडवली. माहेरी असती तर शेजारीण तेलाची वाटी घेऊन आली असती. वाड्यात दासी होत्या, सख्या होत्या, शेजारीण कुठे होती? रिवाज मोडायचा नाही म्हणून तिने स्वतःला तेल लावले नाही, आणि मन आवरेना म्हणून तशीच मिरचीला हात घालून बसली.

पहिले देठ मोडले आणि हात पेटले. ज्वाला नाही, धूर नाही, नुसती आग.

राजाने सात नद्यांचे पाणी कावडींनी आणवले. पाणी ओतावे तसतशी आग पसरे. तळव्याची मनगटाला आली, मनगटाची कोपराला आली. भिंतीपलीकडून पाण्याचा आवाज ऐकून हौसाक्का तळमळे. "अहो, मिरचीच्या हाताला पाणी काय ओतता? तेल लावा, तेल!" ती ओरडे. पहारेकरी भाला आपटून तिला हाकलत. तिने एका दासीच्या हाती घरचे तेल पाठवले, तर ते राणीच्या तळव्यावर कढले. शापाची आग घरच्या तेलाने भागत नव्हती.

यथाकाळी राणीला मुलगा झाला. तिने एकदाच त्याला उचलले. त्याच्या पाठीवर पाच बोटांचे लाल वळ उठले. त्या दिवसापासून राणीने बाळाला हात लावला नाही.

बुजवलेल्या दारात एक वीट सैल होती. हौसाक्काला ती ठाऊक नसती तरच नवल. अर्धी बातमी ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने ती वीट काढली आणि आत तोंड घालून हाक मारली, "राणीसाहेब!"

"कोण आहे?"

"मी हौसाक्का. शेजारीण."

"राणीला शेजारीण नसते."

"भिंत एक आहे ना आपली? मग शेजार झालाच की."

राणी विटेजवळ आली. हात तिने अंगापासून दूर धरले होते, परक्याची वस्तू धरावी तसे. ती म्हणाली, "मावशी, माझा मुलगा आता बसू लागला आहे. पुढच्या महिन्यात रांगेल. रांगत माझ्याकडे येईल, आणि मला मागे सरावे लागेल. तो आणखी पुढे येईल, मी आणखी मागे सरेन. आई आपल्याला भिते, असे त्याला वाटेल."

हौसाक्काने पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "सरायची वेळ येणार नाही. बघतेच मी."

भिंतीवर एक साळुंकी बसली होती. ती मान वाकडी करून म्हणाली, "बघून काय होणार? जावे लागेल."

साळुंक्या त्या राज्यात बोलत असत. हौसाक्काला त्याचे नवल वाटले नाही. बातमी आधी सांगितली नाही याचा राग मात्र आला. "ठाऊक होतं तर आजवर गप्प का गं होतीस?"

"आजवर कोणी जाते म्हणाले नाही. ऐक. पूर्वेला आपोआप फिरणारा घाणा आहे, त्याचे तेल आण. दक्षिणेला हाका मारणारे रान आहे, त्यातला रिठा आण. पश्चिमेला लाल डोंगर आहे, तिथले दही आण. तेल आग उचलते, रिठा तेल उचलतो, मागे राहिलेली चुरचुर दही उचलते. क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून."

"आणि हे सगळं आणणारीच्या हातांचं काय होतं?"

"ते मला कसे ठाऊक? मला हात नाहीत."

हौसाक्काने चार भाकरी बांधल्या, घराला कडी घातली, आणि साळुंकीला खांद्यावर घेऊन निघाली.

पूर्वेला तीन दिवस चालल्यावर घाणा दिसला. बैल नव्हता, तेली नव्हता. घाणा आपला आपण फिरत होता आणि करकरत होता. तो म्हणाला, "माझ्यासोबत शंभर फेरे घे. तोंडातले गाणे थांबता कामा नये. थांबले तर तेल आटेल."

हौसाक्काने पदर खोचला आणि फेरे धरले. आईच्या तोंडची कांडपाची गाणी आठवली, चाळीस वर्षांत कोणी न म्हटलेली.

*पहिला घाव घाली, उखळाच्या तळाला*
*तेल लाव बाई आधी, शेजीच्या गं हाताला*

*दुसरा घाव घाली, मिरची लाल लाल*
*शिंकता शिंकता बाई, सरली गं सकाळ*

गाता गाता तिला चौक दिसला, आऊसाहेबांचा पदर दिसला, आईच्या बांगड्या मुसळाच्या तालावर वाजताना ऐकू आल्या. गाणे मात्र तिने थांबवले नाही. ऐंशी फेऱ्यांना आईची गाणी संपली. आता काय? हौसाक्का थांबते होय! तिने आळीचेच गाणे लावले. कासाराच्या बायकोने नवी पाटली कुठे दडवली, शिंप्याची आई सुनेला चोरून काय खाऊ घालते, पुजाऱ्याची गाय कोणाच्या परसात चरते. वीस फेरे कसे गेले कळले नाही. शंभर झाले तरी ती गातच होती.

"पुरे," घाणा म्हणाला. "पण ती पाटली कुठे दडवली, ते राहिले."

"पिठाच्या डब्यात."

घाण्याने समाधानाने एक करकर केली आणि कुंकवाच्या करंड्याएवढी कुपी भरून तेल दिले. "हे तेल एकटीने वापरले तर एका बोटाला पुरत नाही. एकीने दुसरीला लावले तर सरत नाही."

दक्षिणेला रानाच्या तोंडाशी पाटी होती: मागे पाहणाऱ्याचा रिठा खडा होतो. रिठ्याचे झाड अगदी मधोमध होते. हौसाक्काने ओटी भरून रिठे घेतले आणि परत फिरली, तसे रान मागून बोलू लागले.

"हौसे, तुझ्या घराची कडी कोणीतरी काढली."

ती चालत राहिली.

"हौसे, कासारीण तुझ्याबद्दल काय बोलते ऐकायचे आहे?"

तिची मान दोन बोटे वळली. साळुंकीने तिच्या कानाची पाळी चोचीत धरली. मान सरळ झाली.

मग रान आऊसाहेबांच्या आवाजात म्हणाले, "हौसे, पोरी, ये गं. कांडप मांडले आहे. तुझी आई वाटी घेऊन थांबली आहे."

हौसाक्का जागच्या जागी उभी राहिली. मागून खोबरे भाजल्याचा वास आला. तिच्या आयुष्यात मागे वळण्याजोगे तेवढेच एक होते, आणि ते मागेच होते. ती पुढे पाहत म्हणाली, "आऊसाहेब, यायला फार आवडलं असतं. पण तुमच्या पणतवाला आईनं अजून कुशीत घेतलं नाही." आणि ती रानाबाहेर पडली. ओटीत रिठे रिठेच होते.

पश्चिमेला लाल डोंगर. तो मातीने लाल नव्हता, मिरच्यांनी लाल होता. गुहेत पांढऱ्या दाढीचा मांत्रिक बसला होता. त्याच्यासमोर माणसाएवढा मिरच्यांचा ढीग.

"दही कुठे आहे?" हौसाक्काने विचारले.

"ढिगाखाली. हाताने उपस. काठी चालणार नाही, फडके चालणार नाही."

साळुंकी ढिगावर उतरली आणि एक मिरची चोचीने फोडून खाऊ लागली. पाखराला मिरची झोंबत नाही. हौसाक्काने कुपीकडे पाहिले, ती परत कनवटीला लावली, आणि ढिगात हात घातले.

आग म्हणजे काय ते तिला तेव्हा कळले. तरी ती ओंजळीमागून ओंजळ काढत राहिली. ओठ दाबले की आग जास्त जाणवे, म्हणून ती बोलत राहिली. तशीही ती बोललीच असती.

"तुझ्याकडे तेल आहे," मांत्रिक म्हणाला. "लावले का नाहीस?"

"आपला हात आपण तेलवत नसतो. आणि हे तेल राणीचं आहे." थोड्या वेळाने तिने एक मिरची उजेडात धरली. "का हो, या तोडल्या कोणी? देठाशी नखाची खूण केवढी बारीक आहे. लहान हाताची दिसते."

मांत्रिकाने हात पुढे करून ती मिरची मागून घेतली.

"तुमची लेक का?"

"बकुळा," तो म्हणाला. "दहा वर्षांची होती. राजाच्या स्वारीने मिरच्या लगोलग तोडून मागितल्या. भाले रोखून मागितल्या. तेलहाताला वेळ दिला नाही. तिने एकटीने सात रांजण भरतील एवढ्या तोडल्या; उरला तो हा ढीग."

"आणि तिचे हात? बरे झाले का मग?"

मांत्रिकाने डोळे मिटले. चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. सैन्याने नाही, राजाने नाही, शाप उतरवायला आलेल्या एकाही मांत्रिकाने नाही.

"नाही झाले," तो म्हणाला. "ती म्हणाली, बाबा, मला हात नकोत. म्हणून मी तिचे पाखरू केले."

साळुंकी मिरची खायची थांबली. हौसाक्काने तिच्याकडे पाहिले. तीन प्रवास खांद्यावर बसून केलेल्या त्या पाखराला, स्वतःबद्दल एक शब्द न बोललेल्या. "बये," ती हळूच म्हणाली, "मला नाही का सांगायचंस?"

"तू आळीतल्या सगळ्यांचे विचारलेस," साळुंकी म्हणाली, "माझे विचारले नाहीस."

हौसाक्काने मान खाली घातली आणि पुढची ओंजळ मुकाट्याने उपसली. असे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच झाले.

ढिगाखाली मातीचे गाडगे निघाले. त्यातले दही खदखदत होते. मांत्रिक म्हणाला, "त्या घरचा कर्ता पुरुष जे विचारायला हवे ते विचारील, तेव्हा हे निवेल. त्याच्या कानात तू काही सांगायचे नाहीस." ही अट हौसाक्काला घाण्याहून जड वाटली.

ती परतली तेव्हा पहारेकऱ्यांनी भाले आडवे केले. पण तिचे कोपरापर्यंत लाल झालेले हात पाहून त्यांनीच वाट दिली. राणी चौकात बसली होती. शेजारी पाळणा होता. राजा उभा होता.

हौसाक्का राणीसमोर मांडी घालून बसली आणि तिने राणीचा हात आपल्या हातात घेतला. आधी तळवा, मग बेचक्या, मग एकेका नखाची कड. कुपी सरेना. आग तेलात उतरली तशी तेल लाल झाले. मग रिठ्याचा फेस केला, हलक्या हाताने चोळला, गार पाण्याने धुतला. आता पाण्याने आग वाढली नाही; फेसाबरोबर लाल तेल वाहून गेले. मागे नुसती चुरचुर राहिली, पण शापाची चुरचुर ती, बाळाला लागण्याजोगी. दही अजून खदखदत होते.

"याला आता काय हवे?" राजाने विचारले.

हौसाक्काने तोंड घट्ट मिटले. तिचे गाल फुगले, डोळे मोठे झाले, पण शब्द बाहेर आला नाही. राजाने तिच्याकडे पाहिले. मग खाली पाहिले, तर तिचे हात त्याला पहिल्यांदाच दिसले. एवढा वेळ तो राणीचेच हात पाहत होता.

"बाई," तो म्हणाला, "तुमचे हात असे कशाने झाले?"

दह्याची खदखद थोडी बसली. हौसाक्काने भिंतीवरच्या साळुंकीकडे पाहिले. तेवढे पाहणे तिला वर्ज्य नव्हते.

राजाने तिकडे पाहिले. साळुंकीच्या चोचीत लाल डोंगरावरची एक मिरची होती. वडिलांनी जिंकलेल्या सात रांजणांची गोष्ट त्याने लहानपणी शंभरदा ऐकली होती; ते कोणी भरले, हे गोष्टीत कधी आले नव्हते. तो हळूहळू म्हणाला, "त्या मिरच्या कोणीतरी तोडल्या असतील. तिचे हात कसे आहेत?"

दही निवले. भिंतीवरून साळुंकी उडाली आणि चौकात एक बाई उभी राहिली, हौसाक्काच्या वयाची, पिकल्या केसांची. तिने आपले हात डोळ्यांसमोर धरले, उलटे केले, सुलटे केले.

"अजून थोडे झोंबतात," बकुळा म्हणाली. "पण आहेत."

"बसा, ताई," राजा म्हणाला. त्याने स्वतः तेलाची कुपी उचलली, आणि बापाने जे केले नव्हते ते मुलाने केले. डोंगरावर मांत्रिकाच्या ढिगातली आग उतरली, आणि मिरच्या साध्या मिरच्या झाल्या.

इकडे राणीने दही हातांना लावून घेतले, डोळे मिटून एक श्वास सोडला, आणि हौसाक्काचे हात मांडीवर ओढले. "आता माझी पाळी, मावशी."

"राणीसाहेब, अहो, राहू द्या."

"शेजारणीला राणीसाहेब म्हणत नाहीत. मंजुळा म्हणतात."

तिने तेल लावले, रिठ्याने धुतले, मग बोटाबोटाला दही लावायला घेतले. डावा हात झाला. उजव्याचा अंगठा झाला, तर्जनी झाली, मधले बोट झाले, अनामिका झाली.

पाळण्यात बाळ रडले.

दासी उठायच्या आत राणी उठली होती. हातात दही आहे हे तिच्या ध्यानात नव्हते, लोक पाहत आहेत हेही नव्हते. तिने बाळाला उचलून छातीशी धरले. सगळा चौक श्वास रोखून उभा राहिला. बाळ हुंदका देऊन गप्प झाले आणि आईच्या खांद्याला तोंड घासू लागले. त्याच्या पाठीवर पाच बोटे उमटली होती, पांढरी, दह्याची. राणी हसत होती आणि रडत होती, आणि पुढे किती तरी वेळ तिने कोणाकडे पाहिले नाही.

पुढे पिछाडीचे दार उघडले. लाल कोठीतले सात रांजण चौकात आले आणि त्या उन्हाळ्यात पुन्हा कांडप बसले. मिरच्या डोंगरावरून येऊ लागल्या, पण राजाची माणसे आधी तेलाचे बुधले घेऊन जात, आणि तोडणाऱ्या बाया एकमेकींचे हात तेलवून झाल्या म्हणजेच मिरचीला हात लावत. सगळा वाडा शिंकू लागला.

तळ्यावरच्या त्या दासीला हौसाक्काने एक दिवस गाठलेच. "आता सांग. तिचे हात मग... पुढे काय?"

दासी ओशाळली. "मी ऐकलं होतं, जी बाई ही आग विझवील, तिचे हात मग जन्मभर चुरचुरतील. पण तुमचे तर बरे आहेत, मावशी. सगळं खोटंच निघालं म्हणायचं."

हौसाक्काने उजव्या हाताची करंगळी दुसऱ्या हाताच्या मुठीत लपवली. तिला दही लागायचे राहून गेले होते, कारण नेमके तेव्हा बाळ रडले होते. आळीत कोणी मिरची मोडली की ती अजून चुरचुरे. बकुळा कितीदा म्हणाली, दे, लावते. हौसाक्काने तिला कोणाला दही लावू दिले नाही; ती चुरचुरली की आईच्या कुशीत शिरलेले ते बाळ आठवे.

"सगळं नाही," ती म्हणाली, आणि धुणे धुवायला बसली.